मुलगा बरा आहे म्हणा

३ मार्च

भिंगऱ्या,

हे पत्र तुला दातांच्या एका निवृत्त डॉक्टरच्या कोटाच्या खिशातून मिळतंय. तो आणि त्याची बायको आपल्या वरच्या खोलीत पाच दिवस राहिले. आज दुपारी तुमच्याच कंपनीच्या विमानाने परत चाललेत. तिथे उतरलात की तिकीट लावून पेटीत टाका, असं मी त्यांना हात जोडून सांगितलंय. इथून टपालाला महिना लागतो. फोनवर तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' याच्या पुढे सरकत नाहीस, आणि वरची खोली भाड्याने देतो त्या ॲपवर लिहावं तर ते तुझ्याआधी तुझी मदतनीस वाचते. म्हणून हा हस्ते-परहस्ते मार्ग. वीस वर्षं ट्रॅव्हल कंपनीच्या तिकीट खिडकीमागे बसून मी लोकांना जगभर पाठवलं. लोक फोनवरच तिकिटं काढायला लागले, खिडकी बंद झाली, आणि आता एक पाकीट पोहोचवायला मी त्याच लोकांच्या विनवण्या करते.

परवा तुझा निरोप आला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच आपणहून आलेला. मला वाटलं, आईच्या डोळ्यांचं विचारतोयस. उघडला तर, 'एक तारा का कमी झाला?'

ऐक, का कमी झाला ते. एका बाईने लिहिलं, 'खोली स्वच्छ, खिडकीतून समुद्र दिसतो, घरातली आई फार गोड. पण पहाटे खोकते. पाचातले चार तारे.' आईला चार तारे! बाबांनी जन्मभर तिला नावं ठेवली, पण गुण दिले नव्हते कधी. मला ते वाचून शिसारी आली. तुला आली नाही. तुला उपाय सुचला. आईला मागच्या खोलीत हलव, म्हणजे खोकला वर ऐकू जाणार नाही आणि तिची खोलीही पाहुण्यांना देता येईल. मागच्या खोलीत काय आहे आठवतं का तुला? कपडे धुण्याचं मशीन, पाहुण्यांच्या चादरींचे ढीग आणि भिंतीत वर एक झरोका. मशीन फिरायला लागलं की पायाखालची फरशी हादरते. तिथे आईने झोपायचं, आणि तिच्या खिडकीत कोणा परक्या माणसाने पाय पसरून फोटो काढायचे. उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं!

डोळ्यांचं तू विचारलं नाहीस तरी सांगते. डाव्या डोळ्याने आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उजवाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणाले, आतली नस सुकत चाललीय. शस्त्रक्रियेने परत येणारं हे दुखणं नाही, थेंब घालून जेवढे दिवस निघतील तेवढे काढायचे. थंडीपर्यंत माणसांचे चेहरे दिसतील, पुढचं सांगवत नाही. दवाखान्याचा जिना उतरताना आई एवढंच म्हणाली, "तोवर एकदा तो येऊन गेला म्हणजे झालं."

सहा वर्षं झाली तिने तुला बघून. विमान तुमच्या कंपनीचं. तुला तिकीट फुकट. रोज दोन फेऱ्या. आपल्या गावाला थेट परदेशातून विमान आणायचं हे डोकंही तुझंच. मग घोडं अडतंय कुठे?

येणारा प्रत्येक पाहुणा तुझा मित्र आहे असंच ती अजून समजते. ते तूच सुरू केलंस. पहिल्या वेळी फोनवर म्हणालास, "आई, माझे मित्र येतायत, वरची खोली दे त्यांना." तीन वर्षांत तुझे चारेकशे मित्र झाले. शाळेत डबा वाटून खायला एक सापडत नव्हता.

थंडीच्या आत ये. दार एकदा लावून तुझं समाधान व्हायचं नाही, पुन्हा उघडून आपटायचास, आणि बाबा आतून ओरडायचे. आता ओरडायला कोणी नाही. खुशाल दोनदा आपट.

ताई

२१ एप्रिल

भिंगऱ्या,

'पत्र मिळालं. बघतो.' एवढंच आलं तुझ्याकडून. चार पानांना तीन शब्द. आईला वाचून दाखवताना मी त्यात माझ्या पदरची सात-आठ वाक्यं घातली. ती सवय आता अंगवळणी पडलीय.

हंगाम सुरू झालाय. सकाळी आठपासून गल्लीत बॅगांची चाकं दगडांवर खडखडतात. तुझी जाहिरात म्हणते, 'जिथे वेळ थांबतो असं गाव.' वेळ नाही थांबला, पाणी थांबलंय. समुद्राकाठच्या हॉटेलांचे तलाव भरायचे म्हणून आम्हाला एक दिवसाआड येतं. खालचा शिंपी गेला. त्याच्या दुकानात आता बॅगा सांभाळतात, तासाप्रमाणे. समोरच्या मजल्यावर शाळेतल्या बाई राहायच्या ना, तुला वर्गाबाहेर उभं करणाऱ्या, त्यांनाही घरमालकाने काढलं. तिथे आता दर तीन दिवसांनी नवीन माणसं येतात आणि खिडकीतून आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढतात. परवा माझा परकर कोणाच्या तरी परदेशवारीत गेला. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खरंच. डोंगरावर राहणाऱ्याला कोण विचारतो?

ॲपवर आपल्या खोलीखाली एक नवीन शेरा आलाय, तो तू वाचला असशीलच, तारे पाच आहेत. 'आतली युक्ती सांगतो. घरातली आई तुम्हाला तिच्या मुलाबद्दल विचारेल. मुलगा बरा आहे म्हणा. खूश होते, जास्तीची उशी देते, आणि निघताना हाताने विणलेले मोजे मिळतात, फुकट!' त्याच्याखाली सत्तावीस जणांनी 'उपयोगी' म्हणून खूण केलीय.

मोजे त्यांना नसतात रे, तुला असतात. 'त्याच्या पायांना गारवा सोसत नाही, एवढे त्याला द्या,' म्हणून ती प्रत्येक मित्राच्या हातात जोड ठेवते. लोकर चाचपून विणते. एक जोड आठ दिवसांचं काम असायचं, आता पंधरा दिवस लागतात. तुला आजवर किती जोड मिळाले?

आता ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं. ही युक्ती त्या माणसाला मीच सांगितली. सगळ्यांनाच सांगते. किल्ली देताना जिन्यात उभी राहून माझं ठरलेलं भाषण असतं. गरम पाण्याचं बटण डावीकडे, गच्चीवर बूट नकोत, कचरा खाली निळ्या डब्यात, आणि आई मुलाबद्दल विचारील, बरा आहे म्हणा. भाषा येत नसेल तर अंगठा वर करा. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती. आता गरम पाण्याच्या बटणासारखंच निघून जातं.

काही लोक मात्र माझ्याही वरताण निघतात. मागच्या आठवड्यात एकाने सांगितलं की तू कुत्रा पाळलायस. दुसऱ्याने दाढी ठेवलीय म्हणून सांगितलं. एका म्हातारीने तुला चक्क दोन जुळ्या मुली दिल्या. आई दिवसभर हिशेब लावत बसली की जुळ्या झाल्या तर लग्न कधी झालं. मला म्हणाली, "अगं, कळवलं नसेल, रागावेन म्हणून." मी चादर झटकायला गच्चीवर निघून गेले.

हे पत्र आणणाऱ्या नवराबायकोचं नुकतंच लग्न झालंय. त्यांना पाणी तरी विचार. विचारणार नाहीस. ते तुला ओळखत नाहीत.

ताई

१२ जून

भिंगऱ्या,

काल मी विमानतळावर गेले होते. एका पाहुणीचा पाय मुरगळला, तिला सोडायला. तीन वर्षांत पहिल्यांदा आत पाऊल टाकलं.

दाराशी एक वजनकाटा आहे आणि त्याच्यामागे तुमच्या कंपनीची गळपट्टा बांधलेली पोरगी उभी असते. हातातली पिशवी आठ किलोच्या वर गेली की दंड. दंड पिशवीच्या किमतीपेक्षा जास्त. मागच्या वर्षी तू फोनवर छाती फुगवून सांगितलं होतंस, ही कल्पना तुझी आणि बढती तिच्यामुळेच मिळाली. तेव्हा मी अभिनंदन केलं होतं. काट्याच्या शेजारी छातीएवढं उंच पिंप ठेवलंय. लोक रांगेत पिशव्या उघडून बसलेले असतात. वजन करतात, काहीतरी काढतात, पिंपात टाकतात, पुन्हा वजन करतात. शाम्पू, पुस्तकं, अर्धी पावाची लादी, ओले टॉवेल. एक बाई लेकराची खेळणी टाकत होती आणि लेकरू गळा काढून रडत होतं. एक गृहस्थ तीन शर्ट एकावर एक घालून घामाघूम उभा होता. हौसेने आलेली माणसं जाताना अशी चोरासारखी जातात. कसला हा प्रवास! किळस आली मला. त्यांची आली, तुझी आली, आणि त्यांना जिन्यात उभी राहून हसतमुखाने किल्ली देणाऱ्या बाईचीही आली.

त्या पिंपात वरच आईचे मोजे होते. राखाडी, टाचेला निळी पट्टी. सकाळीच तिने एका माणसाच्या हातात दिले होते, दोन्ही हातांनी, त्याची बोटं मिटवून. त्या माणसाने वाकून नमस्कारही केला होता. शंभर ग्रॅमही नसतील, पण शंभर ग्रॅमनेच काटा पुढे जात असेल.

मी हात घातला आणि काढले. काट्यावरची पोरगी म्हणाली, "काकू, पिंपात हात घालायचा नाही." मी म्हटलं, "माझ्या आईचे आहेत." तिला वाटलं मी वेडी आहे. मागच्या रांगेतल्या एकाने माझा फोटो काढला.

घरी आणून धुतले. आणि हे पहिल्यांदा नाही, हेही लिहूनच टाकते. खोली झाडताना पलंगाखाली, कचऱ्याच्या टोपलीत, न्हाणीत ओल्या फरशीवर पुसणं म्हणून टाकलेले, असे मला कितीतरी मिळालेत. मी ते धुते, वाळवते आणि आईच्या टोपलीत तयार जोडांच्या खाली सारून ठेवते. ती पुन्हा कोणालातरी देते. डोळ्यांनी आता रंगही धड कळत नाहीत तिला, त्यामुळे चालून जातं. निदान टोपली भरलेली राहते आणि तिला बोटं कमी मोडावी लागतात. मी यात चांगुलपणा करतेय की आणखी एक फसवणूक, ते तू सांगू नकोस. तुला त्यातलं काय कळणार?

जून उजाडला. उजव्या डोळ्याने ती आता माझं तोंड ओळखायला दोन हातांवर येते. ये रे. भांडायला तरी ये.

ताई

८ ऑगस्ट

भिंगऱ्या,

तुझे लोक येऊन गेले. आधी सांगितलं असतंस तर मी पडदे धुतले असते. सकाळी दहाला सहा माणसं, दोन कॅमेरे आणि एक पांढरी छत्री एवढं लटांबर जिना चढून आलं. 'कंपनीची जाहिरात आहे, विमानात प्रत्येक खुर्चीसमोर दिसेल, साहेबांनी हेच घर सांगितलंय.' आईला मी म्हटलं, भिंगऱ्याच्या हपिसातले आहेत. तिचा चेहरा असा फुलला की मला माझाच राग विसरायला झाला.

दिग्दर्शक तिशीतला, टोपी उलटी घातलेला, पण वागायला मऊ. आईला तिच्या खिडकीत बसवलं, हातात सुया दिल्या. तिने एकच वाक्य म्हणायचं होतं. "ये. मी वाट बघतेय." मग पडद्यावर तुमच्या कंपनीचं नाव आणि 'कुणीतरी तुमची वाट बघतंय' असं काहीतरी.

सुरुवातीला आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "तो कसा आहे?" दिग्दर्शकाने जरा खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, "बरा आहे, आजी. एकदम बरा." मी तर त्याला जिन्यात सांगायचंही विसरले होते.

पहिल्यांदा ती इतकं हळू बोलली की यंत्रात आलंच नाही. दुसऱ्यांदा बोलणार एवढ्यात खाली कोणीतरी गाडीचं दार आपटलं, तेही एकदा नाही, दोनदा. दिग्दर्शक वैतागला, आवाज आला म्हणून. त्यानंतर मात्र आईला काय झालं कोण जाणे, खिडकीबाहेर तोंड काढून ओरडायलाच लागली. "ये! मी वाट बघतेय!" तो म्हणाला, "आजी, इतकं मोठ्याने नको, प्रेमाने म्हणा." ती ऐकेचना. सहा वेळा म्हणाली, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. समोरच्या मजल्यावरचे पाहुणे बाहेर आले. सहाव्या वेळी तिचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी आलं. दिग्दर्शक म्हणाला, "हेच! हेच पाहिजे होतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला ते आवडलं नाही, पण आई त्या दिवशी पोटभर जेवली. म्हणून तुझे आभार मानते, एवढ्या एका दिवसापुरते.

ताई

११ ऑगस्ट

इस्त्रीच्या चादरी न्यायला लॉन्ड्रीवाला आला होता. तुझ्या वर्गातला, तोच. जाता जाता म्हणाला, "ते कॅमेरेवाले आले त्या दिवशी भिंगऱ्या भेटला की गल्लीत. पांढऱ्या गाडीत बसलेला. मी काचेवर टकटक केली, तर फोन कानाला लावला आणि हाताने नंतर म्हणाला. फार मोठा झाला बुवा."

गाडी आपल्या खिडकीखाली उभी होती. अठरा पायऱ्या आहेत. मोजल्या मी आज.

हे पत्र कोणाच्या खिशातून पाठवत नाही. ॲपवर लिहितेय. तुझ्या मदतनिसाला वाचू दे.

६ नोव्हेंबर

भिंगऱ्या,

तुझं उत्तर मी तीन महिने जपून ठेवलंय, कारण त्याहून घाण काही मी आजवर वाचलेलं नाही, आणि पाहुण्यांचे शेरे मी सगळे वाचते. 'ताई, तू समजून घे. मी वर आलो असतो तर आईचं वाट बघणं संपलं असतं, चेहऱ्यावर ते दिसलं नसतं. काम झाल्यावर येणारच होतो, पण विमानाची वेळ झाली.' यावर काही लिहायचं म्हणून मी बरीच पानं फाडली. शेवटी असं वाटलं की लिहिण्यासारखं काही उरलेलंच नाही. खाटीकसुद्धा बकऱ्याला असं समजावत नाही.

आता जाहिरात सुरू झालीय. पाहुणे जिन्यातूनच ओरडत येतात, "आजी, आम्ही आलो!" विमानात खुर्चीसमोर तिला बघूनच आलेले असतात. एकीने फोन तोंडासमोर धरून म्हटलं, "एकदा म्हणा ना, ये, मी वाट बघतेय." आई म्हणाली, "म्हणून झालं माझं." मग त्या बाईने तीन तारे दिले. लिहिलं, 'प्रत्यक्षात तेवढी गोड नाही.'

त्याच दुपारी आईने मला हाक मारली. टोपली मांडीवर, हातात मोजे. राखाडी, टाचेला निळी पट्टी.

"हा जोड तिसऱ्यांदा माझ्या हातात आलाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "एकसारखेच तर विणतेस सगळे."

"टाचेपाशी दोन टाके सुटलेत. बोटांना कळतं मला. पहिल्यांदा वाटलं, मीच विसरले. दुसऱ्यांदा साबणाचा वास आला. आपल्या घरचा साबण." मग माझा हात धरून म्हणाली, "तू कशाला रडतेस? चांगले धुतेस. आटले नाहीत."

बघ, डोळ्यांची फसवणूक करायची म्हणून मी एवढा खटाटोप केला, आणि बोटांचा विचारच केला नाही. मग सगळंच बाहेर आलं. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? म्हणाली, पहिल्या हंगामापासून.

"मित्र असते तर एवढ्या जणांत एकाने तरी त्याची तक्रार केली असती. तुझा भाऊ तक्रारीशिवाय चार दिवस काढता येतील असा माणूस आहे का?"

आम्ही दोघी हसलो, भिंगऱ्या. खूप हसलो. तिला खोकला लागला, वर पाहुणे होते, आणि मी तिला पाणी दिलं पण हळू खोक म्हणाले नाही.

"मग विचारायचीस कशाला त्यांना? मोजे कशाला द्यायचीस?"

"अगं, एवढी माणसं म्हणाली, बरा आहे. नाना देशांची, नाना भाषांत. एखाद्याचं तरी लागू पडेल. फुकट कोण म्हणतंय दुसऱ्याच्या पोराला बरं? मोजे दिले की जरा मनापासून म्हणतात." मग म्हणाली, "तुलाही बरं वाटायचं, मी फसतेय म्हणून. मग म्हटलं फसावं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात ती म्हणाली, "त्या दिवशी खाली गाडीत तोच होता ना?"

मी तिला सांगितलं नव्हतं. लॉन्ड्रीवाल्यालाही शपथ घातली होती.

"दार दोनदा लावलं," ती म्हणाली. "जगात दुसरं कोण लावतं? म्हणून तर मी मोठ्याने म्हटलं. तो टोपीवाला सारखा म्हणत होता, हळू, प्रेमाने. त्याला काय माहीत मी कोणाला म्हणतेय. सहादा म्हटलं. काच वर असेल, ऐकू गेलं नसेल, असं दर वेळी वाटायचं. सहाव्यांदा गाडी सुरू झाली."

तेव्हा ते तुझ्या जाहिरातीतलं पाणी कशाचं आहे हे तुला आता कळलं असेल. ते रोज दोन फेऱ्यांत तीनशे माणसांना दाखवतोस तू. पट्टा बांधायच्या सूचनेच्या आधी.

पुढचं थोडक्यात. उजवा डोळा गेला. मागच्या रविवारी सकाळी तिने विचारलं, "आज पडदे उघडले नाहीस का?" पडदे उघडे होते. ऊन तिच्या मांडीवर होतं.

मी खोली बंद केली. दाराबाहेरची किल्लीची पेटी स्क्रू काढून उखडली, भिंतीला चार भोकं राहिलीत, ती बुजवीन. ॲपवरून नाव तू काढ, परवलीचा शब्द तुझ्याकडे आहे. आईला वरच्या खोलीत नेलंय. समुद्र दिसत नाही तिला, पण वारा लागतो आणि हवं तेवढं खोकता येतं. सोमवारपासून मी खालच्या दुकानात बसते, बॅगा सांभाळायला आणि बिल्ले द्यायला. हसू नकोस. पोट आहे मला. पण तिथे कोणाला कोणाबद्दल काही सांगावं लागत नाही. बॅग द्या, बिल्ला घ्या, बिल्ला द्या, बॅग घ्या.

काल मी आईला म्हटलं, अजून एकदा बोलावू का त्याला? शेवटचं? वाटलं होतं हो म्हणेल. ती बराच वेळ लोकरीचं टोक शोधत राहिली.

"आता नको. ज्या आईला दिसत नाही तिच्यासमोर उभं राहणं सोपं असतं. एवढं सोपं मी करून देणार नाही त्याला."

"मग लिहू तरी काय?"

"तो विचारील ना, आई कशी आहे."

"तो विचारत नाही, आई."

"नाही विचारलं तरी लिही. त्याच्याच लोकांनी मला तीन वर्षं सांगितलं, तेच आपण त्याला सांगू."

हे पत्र साध्या टपालाने येईल. महिना लागला तर लागू दे. मोजे पाठवत नाही, ते आत्ता माझ्या पायात आहेत, सुटलेला टाका टाचेला टोचतो. तिने सांगितलं तेवढंच शेवटी लिहिते.

आई बरी आहे.

ताई